तीसच्या रस्त्यावर सदतीस

शशिधर खांबेटेला पोलिसांचं पत्र आलं त्या दिवशी घरी थालीपिठं होती, आणि त्याने दुसरं थालीपीठ नको म्हटलं. प्रकरण किती गंभीर होतं ते एवढ्यावरूनच ओळखावं.

पत्र तसं सभ्य होतं. अमुक तारखेला, सकाळी आठ वाजून एकेचाळीस मिनिटांनी, स्लाऊकडे जाणाऱ्या रस्त्यावर, जिथे ताशी तीस मैलांची मर्यादा आहे तिथे, आपल्या नावावरची निळी गाडी सदतीस मैलांनी जाताना कॅमेऱ्याने टिपली आहे. सबब खटला भरण्याचा विचार आहे. गाडी कोण चालवत होतं ते अठ्ठावीस दिवसांत कळवावं. शशिधरने हे पाच वेळा वाचलं. त्याला सगळ्यात भीती वाटली ती त्या 'विचार आहे' या शब्दांची. कोण करतंय हा विचार? कुठे बसून? आणि इतका वेळ घेऊन करतोय म्हणजे नक्कीच वाईट करत असणार.

लंडनजवळच्या मेडनहेडमधल्या दुसऱ्या कुणाला असं पत्र आलं असतं तर त्याने दोन शिव्या हासडून चेक लिहिला असता. पण शशिधरची गोष्ट वेगळी होती. साल दोन हजार सात. वर्क परमिटवरची त्याची पाच वर्षं येत्या ऑक्टोबरात पुरी होत होती. ती झाली की या देशात कायम राहण्याच्या परवान्यासाठी, म्हणजे सगळे ज्याला आयएलआर म्हणतात त्यासाठी, अर्ज करता येणार होता. होम ऑफिसच्या, म्हणजे इथल्या गृहखात्याच्या, त्या अर्जात एक प्रश्न होता : आपल्यावर कधी कोणता गुन्हा शाबीत झाला आहे काय? शशिधरने सराव म्हणून तो अर्ज गेल्या वर्षीच पेन्सिलीने भरून ठेवला होता, आणि या प्रश्नापुढे 'नाही' लिहिताना स्वतःच्या चारित्र्याबद्दल वाटलेला अभिमान बायकोला, वैभवीला, बोलूनही दाखवला होता.

आता तो 'नाही' खोडायचा? आणि परवाना नाकारला तर? वर्षापूर्वी घेतलेलं घर, वैभवीची शाळेतली नोकरी, तीन वर्षं कुंडीत नुसता जीव धरून बसलेला आणि या उन्हाळ्यात कुठे फोफावलेला गवती चहा, सगळं सोडून परत जायचं? परत जाण्याला त्याची ना नव्हती. पुणं काही वाईट नाही. पण स्वतः होऊन परत जाणं वेगळं आणि सात मैलांसाठी हाकलून देणं वेगळं.

"शशी, अरे साधं स्पीडिंगचं तिकीट आहे," वैभवी म्हणाली. "माझ्या शाळेतल्या निम्म्या टीचर्सना मिळालंय."

"त्या ब्रिटिश आहेत. त्यांना कुठे पाठवणार?"

तिने उरलेलं थालीपीठ स्वतः खाल्लं.

शशिधरचे वडील अण्णा, म्हणजे कमलाकर खांबेटे, जूनपासून मुलाकडे आले होते. सरकारी खात्यात अडतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांनी पत्र चष्म्याने एकदा आणि चष्म्याशिवाय एकदा वाचलं. "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात," ते म्हणाले, "आपण तर गाडी घेऊन चढलो." मग मुलाचा चेहरा पाहून त्यांनी घाईघाईने पुस्ती जोडली, "पण तू घाबरू नकोस. तुझे सगळे कागद व्यवस्थित आहेत. मी जातीने पाहिलेत."

हे वाक्य शशिधरने तेव्हा नीट ऐकायला हवं होतं.

संकटात माणसाने सल्ला घेऊ नये, पण घेतल्याशिवाय राहवतही नाही. पहिला सल्ला कुंपणावरून आला. शेजारचे डेनिस हे निवृत्त बसड्रायव्हर. त्यांनी पत्र पाहिलं आणि एखाद्याला मुलगा झाल्यासारखे हसले. पहिलंच का? वा! माझ्या नावावर एकदा नऊ पॉइंट होते, बारा झाले की लायसन्स जातं. वर्षभर सायकलच्या वेगाने बस चालवली मी. हे सगळं त्यांनी हातातल्या झारीने टोमॅटोंना पाणी घालत सांगितलं. शशिधरला धीर यायचा तो आला नाहीच, उलट हा माणूस आपल्याला कित्येकदा स्टेशनवर सोडायला आला होता याचीच भीती वाटली.

दुसरा सल्ला ऑफिसातल्या परीक्षितचा. परीक्षित नागपूरचा, आणि इंटरनेटवरच्या सगळ्या फोरमवर त्याचा वावर. "तू अजिबात टेन्शन घेऊ नको," असं म्हणून त्याने जे सांगितलं ते ऐकून कुणीही आयुष्यभराचं टेन्शन घेतलं असतं. एका माणसाचं म्हणे आयएलआर अशाच कारणाने चौदा महिने अडकलं. "नाव लक्षात नाही रे, पण बंदा जेन्युइन होता. फोरमवर त्याने रडका स्मायली टाकला होता."

तिसरा सल्ला डॉक्टर जयंतचा, म्हणजे डॉक्टरकाकांचा. ते तीस वर्षांपूर्वी इथल्या हॉस्पिटलात सर्जन म्हणून आले आणि आता गावातल्या सगळ्या मराठी माणसांचे थोरले होते. "हे बघ शशिधर," ते फोनवर म्हणाले, "ब्रिटिशांना प्रामाणिकपणा आवडतो. काही लपवू नकोस. सगळं लिहून टाक."

झालं. शशिधरने सगळं लिहून टाकलं. फॉर्ममध्ये फक्त नाव, पत्ता, लायसन्सचा नंबर आणि सही हवी होती. शशिधरने त्याला चार पानांचं पत्र जोडलं. 'रिस्पेक्टेड सर'पासून सुरुवात. मी कोण, कुठे शिकलो, त्या दिवशी सकाळी कॉन्फरन्स कॉल कसा होता, माझा पाय कसा नकळत पडला, आणि पुण्यात अकरा वर्षं स्कूटर चालवूनही माझ्यावर एकही केस कशी नाही. सोबत पासपोर्टची प्रत, नोकरीचं पत्र, डॉक्टरकाकांनी लिहून दिलेला चांगल्या वर्तणुकीचा दाखला, आणि अण्णांच्या आग्रहावरून इंजिनिअरिंगच्या डिग्रीची प्रत. "फर्स्ट क्लास आहे, कळू दे त्यांना," अण्णा म्हणाले. लिफाफा इतका जाड झाला की पोस्टातल्या बाईंनी आत काय आहे ते विचारलं. शशिधर पांढरा पडला आणि म्हणाला, "कबुलीजबाब."

पुढचे दहा दिवस त्याने गाडी ताशी बावीस मैलांनी चालवली. मागचे लोक हॉर्न वाजवत. एका सायकलवाल्याने त्याला मागे टाकलं आणि जाताना काचेतून काळजीने आत पाहिलं.

मग दुसरं पत्र आलं. ते उघडताना वैभवीने त्याचा खांदा धरला होता. पण पत्र चांगलं होतं. चार पानांचा, डिग्रीचा, दाखल्याचा त्यात कुठेही उल्लेख नव्हता, याचं शशिधरला जरा वाईटच वाटलं. कोर्टात यायचं नसेल तर साठ पौंड दंड भरा, लायसन्सवर तीन पॉइंट घ्या, विषय संपला. त्यासाठी अठ्ठावीस दिवसांच्या आत चेक आणि लायसन्सचे दोन्ही भाग पाठवा : फोटोचं कार्ड, आणि जोडीचा कागद, ज्यावर पॉइंट छापतात. मुदतीत दोन्ही भाग आले नाहीत तर प्रकरण कोर्टात जाईल.

"बघ, मी म्हटलं नव्हतं?" वैभवी म्हणाली. शशिधर त्या महिन्यात पहिल्यांदा हसला. हसत हसतच वरच्या खोलीत गेला आणि कपाटातली महत्त्वाच्या कागदांची फाइल उघडली.

फाइल नेहमीपेक्षा जड होती. आणि चकाकत होती.

लग्नाचं सर्टिफिकेट, जन्माचा दाखला, बॉयलर तपासल्याची पावती, सगळं जाड, गुळगुळीत प्लास्टिकमध्ये बंद. आणि त्यांच्यामध्ये लायसन्सच्या जोडीचा तो कागद. चारही बाजूंनी पक्का सील केलेला. त्यावर आता परमेश्वरालाही पॉइंट छापता आला नसता.

"अण्णा!"

अण्णा जिना चढून आले. त्यांच्या चेहऱ्यावर गेला दीड महिना दाबून ठेवलेला आनंद होता. "सापडलं का? म्हटलं, तुझं तूच बघशील आणि खूश होशील. जुलैमध्ये तुम्ही दोघं कामावर होता तेव्हा बसने स्लाऊला गेलो. तिथे एक गुजराती गृहस्थ आहेत, फार सुबक लॅमिनेशन करतात. पासपोर्ट त्यांच्या मशीनमध्ये मावेना, म्हणून तेवढा राहिला."

पासपोर्ट! शशिधर पलंगावर बसला. पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते त्याला तेव्हा नेमकं कळलं.

आणि मग तो बोलू नये ते बोलला. "कुणी सांगितलं होतं तुम्हाला? प्रत्येक गोष्टीला हात लावलाच पाहिजे का? आता यामुळे कोर्टात जाईन मी! आयएलआर जाईल! सगळं जाईल!"

अण्णांनी बॉयलरची पावती उचलली, बाहीने पुसली आणि पुन्हा फाइलमध्ये ठेवली. मग खाली गेले.

आता अण्णा प्रत्येक कागद लॅमिनेट का करतात हे शशिधरला ठाऊक नव्हतं असं नाही. एकसष्ट साली पानशेतचं धरण फुटलं तेव्हा अण्णा वीस वर्षांचे होते आणि शनिवार पेठेत तळमजल्यावर राहत होते. जीव वाचले, पण ट्रंकेतल्या मॅट्रिकच्या सर्टिफिकेटचा लगदा झाला. पुढच्याच महिन्यात रेल्वेत नोकरी लागायची होती. दुसरी प्रत मिळायला दीड वर्ष लागलं, आणि नोकरी काही दीड वर्ष थांबली नाही. तेव्हापासून अण्णांना पुलावरून जाताना भीती वाटत नाही, विमानात वाटत नाही, पण उघड्या कागदाजवळ कुणी पाण्याचा पेला ठेवला तर वाटते. मुलाला भीती कुठून आली हे सांगायला वेगळ्या ज्योतिषाची गरज नाही.

पण त्या संध्याकाळी शशिधरला हे काही आठवायचं नव्हतं. त्याने परीक्षितला फोन केला. परीक्षितने फोरम पाहून सांगितलं, "सिंपल आहे. आधी फ्रीझरमध्ये ठेव, मग इस्त्री मार. प्लास्टिक आपोआप सुटतं." त्याप्रमाणे कागद दोन तास फ्रीझरमध्ये, गोठवलेले मटार आणि अण्णांसाठी आणलेल्या अळूवड्या यांच्यामध्ये ठेवण्यात आला. मग त्यावर सुती रुमाल घालून वैभवीने इस्त्री फिरवली. शशिधरने श्वास रोखून एक कोपरा ओढला. प्लास्टिक खरोखरच सुटलं. त्याच्याबरोबर शशिधरचं आडनाव, घराचा नंबर आणि अर्धं मेडनहेडही सुटलं.

वैभवीने इस्त्री बंद केली. सरकारी दस्तऐवजाची नासधूस! सात मैलांचा गुन्हा सुटसुटीत तरी होता. आता याला काय म्हणतात, किती वर्षं देतात, हे फोरमवर पाहायचीही शशिधरला हिंमत झाली नाही. आगीतून फुफाट्यात पडणं याला म्हणतात. त्याने गवती चहाची कुंडी आत आणून ठेवली. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी रजा काढून तो काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, दंडाच्या तिकिटांचं काम चालतं त्या ऑफिसात जायला निघाला. गाडीजवळ अण्णा आधीच उभे होते. मुंजीला घालतात तसा कोट, टाय, काखेत कापडी पिशवी.

"तुम्ही कशाला?"

"मी येतोय," अण्णा म्हणाले. कालपासूनचं त्यांचं हे पहिलं वाक्य होतं.

शशिधर बावीसवर होता. अण्णांनी एकदा घड्याळ पाहिलं, पण वेगाबद्दल चकार शब्द काढला नाही.

ऑफिस म्हणजे एक खिडकी, चार खुर्च्या आणि काचेपलीकडे पॅट नावाचा बिल्ला लावलेल्या, पन्नाशीच्या एक बाई. हातात चहाचा मग. शशिधरने काल रात्री पाठ केलेलं भाषण सुरू केलं, पण नाव सांगताच बाईंनी मग खाली ठेवला.

"खांबेटे? डिग्री पाठवली होती ते तुम्हीच का?"

शशिधरने मान हलवली. बाईंनी खुर्ची वळवून आतल्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथल्या फळ्यावर, सुट्ट्यांच्या वेळापत्रकाशेजारी, त्याचं चार पानी पत्र टाचणीने लावलेलं होतं. "आम्हाला इथे फक्त शिव्यांची पत्रं येतात," त्या म्हणाल्या. "रिस्पेक्टेड सर असं मला अठरा वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं. वाईट दिवस असला की आम्ही ते वाचतो." आतून कुणीतरी ओरडून विचारलं, "स्कूटरवाला?" आणि दोन माणसं त्याला पाहायला उठून आली.

एरवी शशिधर या अपमानाने महिनाभर जळत राहिला असता. पण आज त्याच्याकडे जळायला वेळ नव्हता. त्याने तो कागद खिडकीतून आत सरकवला. अर्धा प्लास्टिकमध्ये, अर्धा बाहेर, आणि मधोमध इस्त्रीचा पिवळा डाग.

बाईंनी तो दोन बोटांत धरून उजेडाकडे नेला. "हे काय झालं?"

शशिधरने तोंड उघडलं. पण त्याआधी अण्णा पुढे झाले. त्यांनी टाय सरळ केला आणि साहेबापुढे उभं राहावं तसे खिडकीपुढे उभे राहिले.

"मॅडम, आय ॲम द कल्प्रिट," ते खणखणीत आवाजात म्हणाले. "माय सन इज टोटली इनोसंट. ही डज नॉट नो लॅमिनेशन." मग पिशवीतून स्वतःचा पासपोर्ट आणि विमानाचं तिकीट काढून त्यांनी काचेखालून सरकवलं. "काइंडली डू नॉट डिपोर्ट हिम. डिपोर्ट मी. आय हॅव रिटर्न तिकीट ऑन नाइन्टीन्थ, सो देअर विल बी नो एक्स्पेन्स टू युअर गव्हर्नमेंट."

तिकीटही लॅमिनेट केलेलं होतं.

शशिधरला वाटलं, आपल्याला हसू येणार. पण आलं ते रडू, आणि ते लपवायला त्याला खाली वाकून बुटाची नाडी बांधावी लागली. बुटाला नाडी नव्हती. काल आपण या माणसावर ओरडलो. हा माणूस रात्रभर जागून इंग्रजी वाक्यं जुळवत होता.

"लव्ह," पॅटबाई अण्णांना, तिथे अनोळखी माणसालाही मायेने म्हणतात तसं, म्हणाल्या, आणि त्यांचाही आवाज थोडा बदलला होता, "इथून कुणालाच कुठे पाठवत नाहीत. इथे आम्ही फक्त पॉइंट देतो." मग त्यांनी एक फॉर्म काढला. कागद खराब झाला म्हणून स्वान्सीच्या लायसन्स ऑफिसातून नवा मागवायचा, तो येईपर्यंत बाई फाइलवर तशी नोंद करतील. कोर्ट नाही, काही नाही. कागद खराब होतच असतात. एकाचा कुत्र्याने खाल्ला होता. एकीने रागाच्या भरात नवऱ्याचा फाडला होता. "इस्त्री मात्र पहिल्यांदाच," त्यांनी कबूल केलं.

"आणि आयएलआर?" शशिधरने विचारलं. "गुन्हा म्हणून लागेल का? कायम राहण्याचा अर्ज आहे, ऑक्टोबरात."

"होम ऑफिसच्या वतीने मी नाही बोलू शकत. पण दंड भरला की हे प्रकरण कोर्टाबाहेरच मिटतं. गुन्हा शाबीत होत नाही. माझेच तीन पॉइंट आहेत, आणि मला अजून कुणी हाकललं नाही."

"हे लेखी मिळेल का?" अण्णांनी विचारलं.

परत येताना शशिधरने गाडी चक्क अठ्ठावीसवर नेली. "अण्णा," तो शेवटी म्हणाला, "काल मी फार बोललो."

"माझंही चुकलं. विचारायला हवं होतं." अण्णा काचेबाहेर पाहत होते. "तुझ्या कागदाला काही होऊ नये, एवढंच होतं माझ्या मनात. माझं झालं ते झालं."

पुढचा रस्ता नेमका तोच होता, तीसचा, आणि समोर खांबावर तो पिवळा कॅमेरा. शशिधरने वेग तपासला : सत्तावीस. पुन्हा तपासला : सत्तावीस. पाय हवेत धरला. आभाळ दाटून आलं होतं. गाडी कॅमेऱ्यापाशी आली, आणि लख्खकन पांढरा उजेड चमकला.

शशिधरने ब्रेक मारला. त्याचं आयुष्य संपलं. घर गेलं, शाळा गेली, गवती चहा गेला. सत्तावीसलाही पकडायला लागले! मागून तीन गाड्यांनी हॉर्न वाजवले.

"बरोबर आला असेल का रे?" शेजारून आवाज आला. अण्णांच्या हातात त्यांचा छोटा कॅमेरा होता. "म्हटलं, एवढा प्रसिद्ध कॅमेरा, पुण्यात दाखवायला एक फोटो असावा."

एकोणीस तारखेला अण्णा परत गेले. नवा कागद आला, तीन पॉइंट घेऊन परत आला, आणि शशिधरने तो साध्या पुठ्ठ्याच्या पाकिटात ठेवला. ऑक्टोबरात त्याने अर्ज पेनने भरला, 'नाही'च लिहिलं, आणि तरीही, राहवलं नाही म्हणून, दोन पानांचं पत्र जोडून तिकिटाची सगळी हकीकत कळवली. त्यानंतर सहा आठवडे तो दर सकाळी पोस्टमनच्या आधी दाराशी उभा असायचा.

डिसेंबरात एकाच दिवशी दोन पाकिटं आली. त्याने होम ऑफिसचं आधी वैभवीकडे दिलं, कारण त्याच्याच्याने उघडवेना. तिने आतला पासपोर्ट चाळला, एका पानावर थांबली आणि त्याच्या गळ्यात पडली. परवाना मिळाला होता.

दुसरं पाकीट पुण्याचं होतं. आत एक फोटो. अर्ध्यात काचेवर पडलेला फ्लॅशचा पांढरा गोळा, उरलेल्या अर्ध्यात पिवळा कॅमेरा, आणि कोपऱ्यात स्टिअरिंग गच्च आवळलेला शशिधरचा हात. मागे अण्णांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं : 'चि. शशीस, इथे हळू. बाकी कुठे घाबरू नये. अनेक आशीर्वाद. कमलाकर.'

फोटो अर्थातच लॅमिनेट केलेला होता. शशिधरने तो गाडीतल्या गणपतीशेजारी लावला. बाहेर पाऊस होता, खिडकी अर्धी उघडी होती, पण ती बंद करायची त्याला गरज वाटली नाही.